पाठीवर पिल्लू नव्हे, नर

पावसाळ्यात एका वाणीवर (अनेक पायांचा, वेटोळं करणारा किडा; काही भागांत ‘पैसा’) दुसरी दिसली की ‘आई पिल्लाला पाठीवर घेऊन चालली’ असं हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा ती नर-मादीची जोडी असते. अंड्यातून निघालेलं पिल्लू फिकट, जेमतेम तीन जोड्या पायांचं असतं. आई त्याला पाठीवर वाहत नाही.

‘लहान तो नर’ हेही सरसकट खरं नाही. लांब, गोल अंगाच्या वाण्यांत नर बहुधा सडपातळ, मादी अंड्यांमुळे जाड. पण चपट्या जातींत काही वेळा नरच मोठा, शिवाय वयाचा फरक असतोच.

खात्री हवी तर वाणी काचेच्या ग्लासात ठेवून खालून टॉर्च मारा. वाणीचं अंग कड्यांचं (वलयांचं) असतं. डोक्यामागच्या पहिल्या कड्याला पाय नसतात, पुढच्या तिघांना एकेक जोडी, पाचव्यापासून दोन-दोन. सातव्या कड्यापाशी पायांत खिंडार दिसलं तर तो नर: तिथले पाय वीर्य पोचवण्याचे अवयव झालेले असतात. चपट्या जातींत तिथली एकच जोडी बदलते. मादीची रांग सलग. पण कोवळ्या नराचीही सलगच दिसते, त्यामुळे लहान वाणीला घाईने मादी ठरवू नका. वेटोळं केलं तर थांबा; बोटांनी उलगडायला गेलात तर तिच्या स्रावाचे तपकिरी डाग पडतात, आणि ते धुऊनही लगेच जात नाहीत.