पोथी

पोथी (स्त्रीलिंगी, अनेकवचन पोथ्या) : सुट्या, आडव्या पानांचा धर्मग्रंथ, हस्तलिखित किंवा छापील. पाने शिवलेली नसतात. दोन फळ्यांत किंवा पुठ्ठ्यांत ठेवून रुमालात बांधतात.

संस्कृत ‘पुस्तिका’, प्राकृत ‘पोत्थिआ’, मराठी ‘पोथी’ अशी या शब्दाची वाट आहे. ‘पुस्तिका’ ज्यापासून झाली तो ‘पुस्तक’ हा शब्द मात्र मुळात इराणी मानला जातो. तिकडे ‘पोस्त’ म्हणजे कातडे, कारण लिहायचे ते कातड्यावर. आपल्याकडे लेखन झाले ताडपत्रावर, भूर्जपत्रावर आणि पुढे कागदावर. सोवळ्याने वाचायच्या पोथीचे नाव असे कातड्यावरून आलेले आहे.

या शब्दाचा पसारा सोलापुरात घरबसल्या कळतो. येथील कन्नड घरांत ग्रंथाला ‘होत्तगे’ हा जुना शब्द आहे, मूळ रूप ‘पोत्तगे’. तेलुगूत तोच ‘पोत्तमु’. तेलुगू ‘पालु’ (दूध) कन्नडमध्ये ‘हालु’ होते, तसाच येथेही ‘प’चा ‘ह’ झाला. एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या तीन भाषांनी एकच शब्द आपापल्या जिभेवर वळवून घेतला.

‘ग्रंथ’ या शब्दाचे मूळ वेगळे: गाठ मारणे, ओवणे. ताडपत्रांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवत. कन्नडमध्ये अशा जुडग्याला ‘कट्टु’, म्हणजे बांधलेले, म्हणतात. सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांची 12व्या शतकातील कन्नड वचने अशाच ताडपत्रांतून पुढच्या पिढ्यांकडे आली. ‘सूत्र’ तर सरळ धागाच. मागावर हयात घालवलेल्या विणकराला तो समजावून सांगायला नको. कागद आल्यावर दोरी पानांतून निघून रुमालाभोवती गेली, आडवा आकार मात्र ताडपत्राचाच राहिला.

सांगोला तालुक्यातील नाझऱ्याच्या श्रीधरांनी ‘हरिविजय’ (1702) आणि ‘शिवलीलामृत’ (1718) ओवीबद्ध केले, आणि या पोथ्या महाराष्ट्रात घरोघरी पोचल्या. ‘पोथीनिष्ठ’ हा शब्द आज आंधळ्या पाठांतरासाठी वापरतात. ते पोथीवर अन्याय करणारे आहे. अक्षरओळख नसलेल्या असंख्य बायाबापड्यांना रामायण-महाभारत कानांनी मिळाले ते पोथीमुळेच. श्रावणात पोथी ‘लावतात’: एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, वाचलेले पान पालथे होऊन पलीकडे जाते. अध्याय संपला की आरती होते, रुमालाची गाठ बसते आणि पोथी देव्हाऱ्याशेजारी जाते.