व्यसनी आरोपी, मनोरुग्ण आरोपी आणि शिक्षेचं माप

मनोरुग्ण आरोपीला सूट द्यायची हे कायद्याला फार पूर्वीच पटलं. व्यसनी आरोपीचं काय करायचं, यावर मात्र वाद मिटलेला नाही.

१८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटनने ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घालून मारलं. वेडाच्या भरात केलं म्हणून तो निर्दोष ठरला, पण उरलेलं आयुष्य वेड्यांच्या इस्पितळातच गेलं. त्यातून कसोटी आली: आपण काय करतोय, ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? व्यसनी इथेच अडकतो. त्याला कळतं सगळं, थांबता येत नाही.

कॅलिफोर्नियात तर नुसतं व्यसनी असणं हाच गुन्हा होता. किमान ९० दिवस कैद. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी लॉरेन्स रॉबिन्सनच्या हातावरचे सुईचे व्रण पाहून त्याला धरलं. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला: सर्दी झाली म्हणून एक दिवस डांबणंही क्रूरच ठरेल. रॉबिन्सन तोवर वारला होता, आणि न्यायालयाला हे निकालानंतर कळलं! १९६८ मध्ये दारूड्याच्या खटल्यात याच न्यायालयाने हात आखडता घेतला. आजाराला शिक्षा नाही, कृतीला आहे. आणि नशेचा माल बाळगणं ही कृतीच.

अमली पदार्थांच्या खटल्यांत शिक्षा बरेचदा मालाच्या वजनावर ठरते. किमान शिक्षा कायद्यानेच बांधून दिली असेल, तर आरोपीच्या मनाची अवस्था ऐकूनही न्यायाधीशाला फारसं काही करता येत नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात १९७२ मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षेऐवजी उपचारांची वाट खुली झाली, तीही ऐच्छिक.

ऑस्ट्रेलियातले दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. न्यू साउथ वेल्समध्ये १९९९ च्या हेन्री खटल्यात, तो दरोड्याचा असला तरी, व्यसन हे आपोआप शिक्षा घटवण्याचं कारण नाही असं ठरलं. व्हिक्टोरियात २००७ च्या व्हर्डिन्स निकालाने मानसिक आजाराचा शिक्षेवर सहा प्रकारे परिणाम होऊ शकतो असं सांगितलं. दोष कमी ठरतो, तुरुंगवास इतरांपेक्षा जड जातो, तिथे आजार बळावू शकतो, वगैरे. पण नैराश्य आणि हेरॉइन एकाच माणसात असतील, तर कोणतं आधी आलं हे कोर्टात कोण सिद्ध करणार? आरोपीचा वकील मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल आणतो, सरकारी वकील त्यातल्या नशेच्या नोंदींवर बोट ठेवतो.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या मायामीत व्यसनी आरोपींसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं: उपचार, लघवीची तपासणी, न्यायाधीशापुढे वरचेवर हजेरी. अशी न्यायालयं मग इतरत्रही पसरली. त्यांतल्या अनेक ठिकाणी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि पुन्हा नशा केली तर तुरुंगात जावं लागू शकतं. डॉक्टर मात्र पुन्हा नशेकडे वळणं हा या आजाराचाच भाग मानतात.