वाघाडची मोजपट्टी

समाजासाठी केलेल्या एखाद्या नव्या प्रयोगाचा उपयोग किती झाला, हे मोजायचं कसं? नाशिकमध्ये हा प्रश्न आज सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, बैठकांमध्ये निघतो. पण जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९९१ च्या सुमारास तो थेट कालव्यावर सोडवायला घेतला होता.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आणि ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. टेलला पाणी पोचायचंच नाही. पाणीपट्टी पिकावर आणि हेक्टरवर ठरायची, त्यामुळे वरच्या अंगाला कुणी किती पाणी ओढलं याचा हिशेबच नसायचा. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं, तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष मोजून, मिळू लागलं. चारीच्या तोंडाशी अरुंद, पक्कं बांधकाम, कडेला सेंटिमीटरची पट्टी. पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, बघायचा, पाणी जितका वेळ चाललं त्याने गुणायचं. आकडा पाटकऱ्याला दिसतो तसाच बांधावरच्या शेतकऱ्यालाही दिसतो. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: ज्याचं पाणी, त्याच्याच हातात माप. भांडणं पट्टीसमोर मिटू लागली, आणि वाचवलेलं पाणी कुठल्या पिकाला द्यायचं हे संस्था ठरवू लागली. २००३ मध्ये अख्ख्या प्रकल्पाची संस्था झाली. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा राज्याचा कायदा आला तो २००५ मध्ये.

सरकारी मूल्यमापन देशात त्याआधीपासून होतंच. समुदाय विकास योजनेची पाहणी करायला १९५२ मध्येच स्वतंत्र संघटना नेमली गेली. पुढे अमेरिकेतून सामाजिक परताव्याचा हिशेब आला: गुंतवलेल्या रुपयामागे समाजाला किती मिळालं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सीएसआर बंधनकारक केलं. २०२१ पासून, ज्या कंपन्यांचं सीएसआर दायित्व सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं प्रभाव मूल्यांकन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. हा अहवाल कंपनीच्या संचालक मंडळापुढे जातो. ज्यांच्यासाठी काम झालं त्यांच्यापुढे तो मांडायची सक्ती नाही, ही उणीव मला खरंच खुपते.

प्रकल्प पुरा होऊन निदान एक वर्ष उलटलेलं असावं, असंही नियम सांगतो. वाघाडला तीन संस्थांपासून अख्ख्या प्रकल्पापर्यंत जायला बारा वर्षं लागली. १९९२ मध्ये कुणी पाहणीला आलं असतं, तर त्याला तीन संस्था आणि चारीच्या तोंडाशी एक मोजपट्टी दिसली असती.