फोनिक्स आलं कुठून?

'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.' मराठी शाळांतल्या कित्येक पिढ्या इंग्रजी अशाच शिकल्या. पण सी, ए, टी ही अक्षरांची नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. पोरं ते पाठ करतात. मराठीत 'म' हेच अक्षराचं नाव आणि तोच उच्चार, म्हणून बाराखडी आली की वाचनाची वाट मोकळी होते. इंग्रजीत अक्षरं 26, ध्वनी सुमारे 44 आणि स्पेलिंग शेकडो वर्षांपूर्वीच्या उच्चारांना धरून बसलेलं. त्यामुळे अक्षरांचे ध्वनी शिकवायचे आणि ते जोडून शब्द वाचायला लावायचा, ही फोनिक्सची रीत तिथे मुद्दाम उभी करावी लागली.

तिच्यावरून झालेला वाद जुना आहे. 1840 च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणसुधारक होरेस मान यांनी सुटी अक्षरं घोकून घेण्यावर कडाडून टीका केली. मुलांना आधी अर्थ असलेले आख्खे शब्द द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हेतू चांगलाच होता. पुढे 1930 नंतर 'डिक अँड जेन'सारख्या पुस्तकांनी तेच ते शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणून लक्षात ठेवायला लावले. 1955 मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांच्या 'व्हाय जॉनी कान्ट रीड' या पुस्तकाने या पद्धतीवर तोफ डागली आणि पालक खडबडून जागे झाले. 1967 मध्ये वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी आधीचे अभ्यास तपासून सांगितलं, की ध्वनींपासून सुरुवात केलेली मुलं वाचनात पुढे राहतात.

त्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी उलटी मांडणी केली. वाचन म्हणजे संदर्भावरून अंदाज बांधणं. पुढची दोन-तीन दशकं असंख्य वर्गांत मुलांना अडलेल्या शब्दासाठी चित्र बघायला, अंदाज करायला सांगितलं गेलं. माझ्या मते यात सर्वांत जास्त नुकसान झालं ते घरी वाचून दाखवणारं कोणी नसलेल्या मुलांचं. चित्रात घोडा असेल तर 'पोनी'लाही 'हॉर्स' वाचून मूल पुढे जातं आणि चूक कुणाला कळतही नाही.

पारडं फिरलं ते 2000 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या अहवालानंतर. ध्वनी पद्धतशीर, क्रमाने शिकवण्याचा फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. स्कॉटलंडमधल्या क्लॅकमॅननशायरमध्ये ध्वनी जोडून वाचायला शिकवलेल्या सुमारे 300 मुलांच्या अभ्यासाने इंग्लंडचं लक्ष वेधलं. तिथल्या सरकारने मागवलेल्या 2006 च्या रोझ अहवालाने ही पद्धत शाळांसाठी सुचवली आणि 2012 पासून तिथे पहिल्या इयत्तेच्या मुलांची 40 शब्दांची चाचणी सुरू झाली. त्यातले 20 शब्द निरर्थक असतात. पाठांतर तिथे कामाला येत नाही, मूल अक्षरं खरोखर जोडतंय का तेवढंच दिसतं.

आपल्याकडे 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, इंग्रजी माध्यमाची ओढही वाढत गेली आणि गल्लोगल्ली फोनिक्सच्या क्लासचे बोर्ड लागले. त्यात 'जॉली फोनिक्स' हे नाव हमखास दिसतं. इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या शिक्षिका स्यू लॉइड यांच्या वर्गातल्या कामातून उभी राहिलेली ही पद्धत 1992 मध्ये पुस्तकरूपात आली. तिच्यात ध्वनी 42. सुरुवात ए-बी-सीने होत नाही; एस, ए, टी, आय, पी, एन हे सहा आधी, कारण त्यांतूनच सॅट, पिन, टॅप असे शब्द लगेच तयार होतात.

मराठी तोंडाची अडचण इथे वेगळी. आपल्या व्यंजनात 'अ' मिसळलेला असतो. शिक्षकच 'सऽ, अॅ, टऽ' म्हणाले तर जोडून 'सअॅटअ' होतं. 'स्' आणि 'ट्' तोडून म्हणावे लागतात, तेव्हाच 'सॅट' ऐकू येतं.

क्लॅकमॅननशायरच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट क्लासच्या जाहिरातीत सहसा नसते. शाळेच्या सातव्या वर्षाअखेर ती मुलं शब्दवाचनात वयाच्या मानाने साडेतीन वर्षं पुढे होती. आकलनात मात्र जेमतेम साडेतीन महिने. आणि त्या मुलांच्या तर घरीही इंग्रजीच होतं. आपलं पोर 'शिप' अचूक वाचेल, पण ते जहाज आहे हे त्याला कुणीतरी मराठीतून सांगावंच लागतं.