अमली पदार्थांची सीमापार तस्करी (मुंबई)

अमली पदार्थांची सीमापार तस्करी : बंदी असलेले किंवा परवान्याशिवाय बाळगता न येणारे गुंगीकारक पदार्थ एका देशातून दुसऱ्या देशात चोरून नेणे-आणणे, तसेच त्यामागची पैशांची, रसायनांची, वाहतुकीची आणि साठवणीची व्यवस्था. मुंबईत असा माल उतरतो, मुंबईतून पुढे जातो आणि मुंबईतच खपतो. गेल्या दहा-बारा वर्षांत यात एका गोष्टीची भर पडली आहे. महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या कारखान्यांत बनणाऱ्या मेफेड्रोन या कृत्रिम उत्तेजकाची, म्हणजे बोलीतल्या ‘एमडी’ची किंवा ‘म्याव म्याव’ची, मुंबई ही मोठी बाजारपेठ झाली आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात हाच व्यापार मुंबईत उजळ माथ्याने चाले. माळव्यातल्या संस्थानांत पिकलेली अफू मुंबई बंदरात येई, ईस्ट इंडिया कंपनीकडे पासाची (वाहतूक परवान्याची) रक्कम भरली जाई आणि पेट्या चीनकडे रवाना होत. शहरातल्या अनेक मोठ्या घराण्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा होता. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय शहराची गरिबांसाठीची मोठी सोय ठरले. विमानतळावर पकडलेल्या, पोटात कॅप्सूल असलेल्या प्रवाशांना आज त्याच रुग्णालयात आणले जाते.

१८५७ आणि १८७८ चे अफूविषयक कायदे व १९३० चा धोकादायक औषधे कायदा यांचा मुख्य भर परवाना आणि महसूल यांवर होता. १९८० च्या दशकात मुंबईत ‘गर्द’, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत रुळला. जुने कायदे तोकडे पडत होते, शिवाय आंतरराष्ट्रीय करारांची बंधनेही होती. म्हणून १४ नोव्हेंबर १९८५ पासून गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम (एनडीपीएस) लागू झाला. मार्च १९८६ मध्ये केंद्राचा नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो (एनसीबी) स्थापन झाला.

कार्टेल आणि मुंबईची साखळी

‘कार्टेल’ हा शब्द बातम्यांत सैलपणे वापरला जातो. कोलंबियातील मेदेयीन व काली या टोळ्या किंवा मेक्सिकोतील सिनालोआ यांच्याकडे शस्त्रधारी माणसे, ताब्यातला मुलूख आणि मालाच्या उगमापासून विक्रीपर्यंतची पकड होती. मुंबईतली रचना अशी नाही. पैसे लावणारा, परदेशातला पुरवठादार, कागदपत्रे सांभाळणारा, वाहक, साठा ठेवणारा आणि पेडलर (किरकोळ विकणारा) हे बहुधा स्वतंत्र दुवे असतात आणि प्रत्येकाला फक्त शेजारचा दुवा माहीत असतो. संघटित टोळ्यांचा यात हात नाही असे मात्र नाही. अमेरिकेने २००६ मध्ये दाऊद इब्राहिमला परदेशी अमली पदार्थ तस्करांच्या यादीत टाकले होते.

शासनाने काय करावे याचे उत्तर या रचनेवरच अवलंबून आहे. पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला, पण कोकेनचा पुरवठा थांबला नाही. तो इतर टोळ्यांनी उचलला. मेक्सिकोने डिसेंबर २००६ पासून लष्कर उतरवले, तेव्हा म्होरके पकडले गेले, टोळ्यांची शकले झाली आणि खुनांची संख्या वाढली. मुंबईसारख्या सुट्या दुव्यांच्या साखळीत तर ‘म्होरक्या पकडला’ याला आणखीच कमी अर्थ उरतो. येथे फरक पडतो तो सहज बदलता न येणारा दुवा तुटला तर. असे दुवे दोनच आहेत: रसायने आणि पैसा.

माल येतो कसा

न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या आयातीचा मोठा भार तिकडे गेला. माल बहुतेक वेळा वैध आयातीच्या आडून येतो. ऑगस्ट २०२० मध्ये तेथे सुमारे १९१ किलो आणि जुलै २०२१ मध्ये सुमारे ३०० किलो हेरॉइन सापडले. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी याच बंदरातून ज्येष्ठमधाचा असा कंटेनर ताब्यात घेतला, ज्यातल्या मुळ्यांवर हेरॉइनचा लेप होता. एकूण वजन सुमारे २२ टन होते, त्यातले हेरॉइन साडेतीनशे किलोच्या आत. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) वाशीजवळ संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथॅम्फेटामिन (एक कृत्रिम उत्तेजक) व ९ किलो कोकेन पकडले आणि पाठोपाठ न्हावा-शेव्यात फळांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेले जवळपास तीन टन हेरॉइन ही या प्रकारातली सर्वांत मोठी घटना.

प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे शक्य नसते. तसे केले तर बंदर ठप्प होईल आणि नाशवंत माल सडेल. म्हणून सीमाशुल्क विभाग जोखमीनुसार निवड करतो. आयातदाराचा पूर्वेतिहास, मालाची किंमत आणि वाहतूक खर्च यांचा मेळ, नेहमीपेक्षा वेगळा मार्ग, जाहीर आणि प्रत्यक्ष वजनातला फरक, स्कॅनरवर दिसणारी घनता हे सगळे पाहिले जाते. आयात-निर्यात कोड दुसऱ्याच्या नावावर भाड्याने चालवणे ही जुनी पळवाट आहे. कोडधारकाला पकडले जाते, आणि कंटेनरमध्ये काय होते हे त्याला खरोखरच ठाऊक नसते.

विमानतळावरचे प्रमाण किलोत असते. बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक (मातीविना वाढवलेला) गांजा अलीकडे वारंवार सापडतो. कोकेन किंवा हेरॉइनच्या कॅप्सूल गिळून येणारे वाहक हा वेगळाच प्रश्न आहे. प्रवाशाने स्वतः कबुली दिली नाही, तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १०३ नुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने क्ष-किरण तपासणी होते. त्यानंतर रुग्णालयात काही दिवस लक्ष ठेवावे लागते. प्रत्येक वेळी बाहेर पडलेल्या कॅप्सूल मोजून पंचनामा होतो. एक कॅप्सूल जरी पोटात फुटली तरी माणूस दगावू शकतो, म्हणून येथे डॉक्टरचा शब्द तपास अधिकाऱ्याच्या घाईपेक्षा वर असलाच पाहिजे.

उगमाकडचे बदल मुंबईत उशिरा, पण हमखास जाणवतात. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये अफगाणिस्तानातले क्षेत्र सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी म्यानमार अफूचा सर्वांत मोठा उत्पादक झाला. शेतीला ऋतू आणि जमीन लागते, कृत्रिम पदार्थांना केवळ रसायने आणि एक बंद शेड.

एमडी आणि रसायनांचा दुवा

मेफेड्रोन हे केंद्राने २०१५ च्या सुरुवातीला एनडीपीएसच्या कक्षेत आणले. त्याआधी ते बाळगणाऱ्यावर या कायद्याखाली कारवाईच होत नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यातून ७०० किलोंच्या आसपास आणि अंकलेश्वरहून ५०० किलोंहून अधिक एमडी जप्त केले. २०२३ मध्ये नाशिकजवळचा कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कारखाना पकडला आणि त्या प्रकरणातली जप्ती टनांत गेली. मेथॅम्फेटामिन बनवायला लागणाऱ्या इफेड्रिन या रसायनाची गोष्टही अशीच आहे: २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या कारखान्यातून सुमारे १८ टन इफेड्रिन ताब्यात घेतले होते.

या सगळ्यांत एक समान धागा दिसतो. रसायन उद्योगाचा पट्टा जवळ, काम माहीत असलेला माणूस हाताशी आणि तोट्यात गेलेले किंवा भाड्याने दिलेले युनिट. नियंत्रित पदार्थांच्या २०१३ च्या आदेशानुसार इफेड्रिन, स्यूडोइफेड्रिन, ॲसिटिक ॲनहायड्राइड यांसारख्या पदार्थांसाठी एनसीबीची नोंदणी, साठ्याच्या नोंदवह्या आणि ठरावीक मुदतीची विवरणपत्रे सक्तीची आहेत. पण विवरणपत्र येणे आणि ते ताडून पाहणे यांत अंतर आहे. विकणाऱ्याने पाठवलेले पिंप घेणाऱ्याच्या वहीत चढले का, हे तपासणारा माणूस हवा. बंद दाखवलेल्या युनिटचे वीजबिल, रात्री येणारे टँकर, नाल्यातला उग्र वास या खुणा औद्योगिक वसाहतीच्या अधिकाऱ्याला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि वीज वितरणाच्या लाइनमनला पोलिसांच्या आधी दिसतात. त्यांना ते कळवण्याची सोपी वाट नसेल, तर कारखाना वर्षभर चालतो.

प्रमाण आणि शिक्षा

एनडीपीएसमध्ये शिक्षा पदार्थाच्या वजनावर ठरते. अल्प आणि व्यापारी प्रमाण असे: हेरॉइन ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, कोकेन २ व १०० ग्रॅम, मेफेड्रोन २ व ५० ग्रॅम, एमडीएमए (एक्स्टसी) अर्धा व १० ग्रॅम, चरस १०० ग्रॅम व १ किलो, गांजा १ किलो व २० किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत, मधल्याला दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे सश्रम कारावास. व्यापारी प्रमाणात कलम ३७ लागू होते. आरोपी दोषी नसल्याचे सकृतदर्शनी पटल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही आणि दोषारोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंह प्रकरणात ठरवले की वजन मोजताना भेसळीसह संपूर्ण मिश्रण धरायचे. याचा भार खालच्या दुव्यावर पडतो. भेसळ जितकी जास्त तितके वजन जास्त, आणि रस्त्यावरची पुडी ही सर्वांत भेसळीची असते.

दुसऱ्यांदा मोठा गुन्हा केल्यास फाशी सक्तीची असल्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०१४ च्या दुरुस्तीने ती न्यायालयाच्या विवेकावर सोपवली गेली.

छापा ते निकाल

जप्तीची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते. खटला उभा राहतो तो पंचनाम्यावर. खबर मिळाली की ती लेखी घ्यावी लागते आणि ७२ तासांत तिची प्रत वरिष्ठाकडे जावी लागते (कलम ४२). सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय बंद जागेत शिरायचे तर कारणे आधी नोंदवावी लागतात. सार्वजनिक ठिकाणी कलम ४३ चालते, तेथे ही नोंद लागत नाही. अंगझडतीआधी संशयिताला, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा त्याला हक्क आहे, हे स्पष्ट सांगावे लागते (कलम ५०). फक्त बॅगेची झडती असेल तर हे कलम लागत नाही, पण बॅगेसोबत खिसेही तपासले की वाद सुरू होतो. अटक व जप्तीचा तपशीलवार अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना जातो. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे चित्रीकरणही सक्तीचे केले आहे.

फील्ड किटच्या (जागेवरच चाचणी करण्याच्या संचाच्या) रंगावरून फक्त अंदाज बांधता येतो. अधिकृत उत्तर कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून येते. डिसेंबर २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, प्रत्येकी दोन प्रतींत: साधारण ५ ग्रॅम, तर अफू, गांजा व चरस यांच्यासाठी २४ ग्रॅम. पाकिटावर लाखेचे सील, सह्या, आणि गोदामाच्या वहीत प्रत्येक हालचालीची नोंद.

खटले पडतात ते येथेच. मालखान्यातून नमुना निघाल्याची तारीख आणि प्रयोगशाळेत पोहोचल्याची तारीख यांत आठवडा असतो आणि मधला मुक्काम कोणाला सांगता येत नाही. पंचनाम्यात सीलचा ठसा एक, अहवालात वेगळा. तेच पंच अनेक प्रकरणांत दिसतात, म्हणजे ती पोलिसांची नेहमीची माणसे ठरतात; नाहीतर चार वर्षांनी साक्षीला आल्यावर फितूर होतात. पदार्थाचे वजन कधी पिशवीसकट, कधी पिशवीविना. ५० ग्रॅमच्या सीमेवर असलेल्या एमडीच्या प्रकरणात एवढ्याने आरोपीचे दहा वर्षांचे नशीब फिरते. २०२० च्या तोफान सिंह निकालानंतर अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे फक्त जबाबांवर उभे केलेले खटले ढासळले. हा निकाल योग्यच होता. मारून घेतलेल्या जबाबाने साखळीचा पुढचा दुवा कळत नाही. फोन, बँक व्यवहार आणि माल यांच्या मेळातून तो कळतो.

जप्त माल मालखान्यात वर्षानुवर्षे पडून राहणे धोक्याचे असते, कारण तो बदलला किंवा चोरीला जाऊ शकतो. कलम ५२-क नुसार यादी प्रमाणित करून घेतल्यावर खटल्याआधीच तो नष्ट करता येतो. मुंबईतला माल तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पातल्या भट्टीत जाळतात.

पैसा

कलम २७-क पैसे पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षांची शिक्षा देते आणि प्रकरण ५-क मालमत्ता गोठवून जप्त करू देते. तरी बहुतांश तपास पुडी सापडलेल्या माणसापाशी थांबतात, कारण मुंबईतला पैसा हवाला, सराफी, भाड्याने घेतलेली बँक खाती आणि आता क्रिप्टो यांतून फिरतो आणि तो उलगडायला लेखापाल लागतो. अमली पदार्थविरोधी कक्षाच्या आझाद मैदान, वरळी, वांद्रे, घाटकोपर व कांदिवली या युनिटांना हवालदारांइतकीच हिशेब वाचणाऱ्या माणसांची गरज आहे. कामगिरी जप्तीच्या ‘आंतरराष्ट्रीय बाजारातील किमती’वर मोजणे बंद व्हायला हवे. ती किमान दोष सिद्ध होण्याचे प्रमाण आणि गोठवलेली मालमत्ता यांवर मोजावी.

सेवन करणारा

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ आणि २.८ टक्के लोक गांजा-चरस-भांग घेत होते. या लोकसंख्येला तुरुंगात टाकून बाजार आटत नाही. पोर्तुगालने २००१ पासून अल्प प्रमाण बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले, पण विक्री गुन्हाच ठेवली आणि उपचार वाढवले. उपचारांशिवाय नुसता पहिला भाग उचलला तर उपयोग नाही. आपल्या कायद्यातही वाट आहे. कलम ६४-क नुसार उपचाराला स्वतःहून तयार झालेल्या व्यसनी व्यक्तीवर अल्प प्रमाणाचा खटला चालवता येत नाही. कलम ३९ नुसार न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला उपचारासाठी सोडू शकते. ही कलमे वापरात फार कमी येतात, कारण अटकेच्या वेळी त्यांच्याविषयी सांगणारे कोणी नसते.

गर्द टोचून घेणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनवर आधारित पर्यायी उपचार उपलब्ध आहेत. केंद्रातला कर्मचारी गोळी जिभेखाली ठेवायला देतो आणि ती विरघळेपर्यंत रुग्णाला समोर बसावे लागते, आणि हे रोज करावे लागते. महिनाभर नियमित येणाऱ्याचे टोचणे कमी होते, सुया वाटून घेणे थांबते. मात्र केंद्राच्या गल्लीत साध्या वेशातला पोलीस दोन दिवस उभा दिसला, तर तिसऱ्या दिवशी रांग अर्धी झालेली असते.