एन्कोडिंगचा दर्जा आणि प्रोसेसरवरचा भार : पार्श्वभूमी

व्हिडिओ एन्कोड करताना, म्हणजे कमी जागेत मावेल असा आकुंचित करताना, एन्कोडर या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्लो’ निवडावे की ‘फास्ट’, हा प्रश्न पडतो याचे मूळ व्हिडिओ साठवण्याच्या प्रमाणकांच्या (सर्वांनी पाळायच्या ठरलेल्या नियमांच्या) रचनेतच आहे. १९८८ च्या एच.२६१ पासून प्रत्येक प्रमाणकाने डीकोडरने, म्हणजे तो व्हिडिओ उलगडून दाखवणाऱ्या यंत्रणेने, डेटा कसा वाचावा एवढेच ठरवून दिले. तो डेटा तयार करताना किती मेहनत घ्यायची, हे एन्कोडर लिहिणाऱ्यांवर सोडले. हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो, कारण त्यामुळेच प्रेक्षकाकडची उपकरणे न बदलता चित्राचा दर्जा सुधारत राहिला.

या मेहनतीचा मोठा वाटा हालचाल शोधण्यात जातो. चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा आधीच्या फ्रेममध्ये कोठे होता हे शोधले, की पूर्ण तुकड्याऐवजी तो किती सरकला आणि उरलेला फरक किती, एवढेच साठवावे लागते. चारही दिशांना १६ पिक्सेलपर्यंतची प्रत्येक जागा तपासायची, तर एका तुकड्यासाठी १०८९ जागा होतात आणि प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. ७२० × ५७६ पिक्सेलच्या, सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या व्हिडिओसाठी हा हिशेब दर सेकंदाला ११ अब्ज वजाबाक्यांच्या पुढे जातो. नव्वदच्या दशकातल्या घरगुती संगणकाला हे झेपणारे नव्हते, म्हणून मोजक्याच जागा तपासत नेमक्या जागेकडे सरकणाऱ्या शोधपद्धती रूढ झाल्या. त्यांत कधी सर्वांत चांगली जागा हुकते आणि तेवढ्याच बिटरेटला (दर सेकंदाच्या व्हिडिओसाठी लागणाऱ्या डेटाला) दर्जा उतरतो. प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही या कामाची दखल घेतली. १९९९ च्या पेंटियम थ्रीमध्ये आठ पिक्सेलांच्या फरकांची बेरीज एकाच सूचनेत करण्याची सोय आली.

२००३ च्या एच.२६४ या प्रमाणकाने तुकडे ४ × ४ पर्यंत लहान करण्याची आणि अनेक जुन्या फ्रेममध्ये शोधण्याची मुभा दिली. पर्याय वाढले तसा भारही वाढला. एक्स२६४ या मुक्त एन्कोडरने हे सारे पर्याय सर्वांत वेगवान ‘अल्ट्राफास्ट’ ते सर्वांत संथ ‘प्लसीबो’ अशा प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंगच्या संचांत, बांधले, त्यामुळे तडजोड सामान्य वापरणाऱ्याच्या हाती आली.

२०११ मध्ये इंटेलने क्विक सिंक आणले आणि एन्कोडिंगचे वेगळे सर्किट थेट प्रोसेसरमध्ये आले. थेट प्रक्षेपणाला ते सोयीचे ठरले, पण संथ प्रीसेटइतका दर्जा मिळवायला त्याला अधिक बिटरेट लागे. एकदाच एन्कोड होऊन लाखो वेळा पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी संथ सॉफ्टवेअरच परवडत राहिले. २०१८ च्या एव्ही१ या प्रमाणकाचे सुरुवातीचे एन्कोडर मात्र रोजच्या वापराला अतिशय संथ होते. इंटेल आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून पुढे आणलेल्या एसव्हीटी-एव्ही१ या एन्कोडरने तेच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर विभागून ती अडचण बरीच कमी केली.