सवय कसली होते?

इमारत कोसळली की ढिगाऱ्यातून माणसं काढणारे जवान टीव्हीवर दिसतात आणि बघणारा कुणीतरी हमखास म्हणतो, "यांना सवयच असते." प्रशिक्षणाने फरक पडतो, हे खरंच. न्यूयॉर्कमधल्या २००१ च्या हल्ल्यानंतर मदतकार्य केलेल्यांची दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली. त्यात पोलिसांपैकी ६.२ टक्के, तर कुठल्याच संस्थेत नसलेल्या स्वयंसेवकांपैकी २१.२ टक्के लोकांमध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार असण्याची शक्यता दिसली. पण ६.२ म्हणजे शून्य नव्हे.

मुळात सवय म्हणजे काय, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना विचारावं. ठोका ऐकू आला की खाणं मिळतं, हे शिकलेला कुत्रा नुसत्या ठोक्यानेही लाळ गाळतो. नंतर खाणं न देता ठोकेच ऐकवत राहिलं, तर लाळ थांबते. झाली सवय! पण कुत्र्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा ठोका ऐकवला, की लाळ परत हजर. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं गेलंच नव्हतं. 'आता या ठोक्याला अर्थ नाही' असा नवा धडा त्याच्यावर चढला होता, एवढंच.

भीतीचंही तसंच. भीतीचा जुना धडा मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागात असतो. नवा धडा तिला गप्प करतो, तो कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या मदतीने. तिथून आलेले संदेश अमिग्डालाजवळच्या इंटरकॅलेटेड पेशींना चेतवतात, त्या गाबा हे रसायन सोडतात आणि बाहेर जाणारा धोक्याचा इशारा दबतो. गोम अशी, की हा नवा धडा जागेला बांधलेला असतो. एका पिंजऱ्यात भीती विसरलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात पुन्हा थिजतो. 'हे कुठलं, केव्हाचं' ही नोंद मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग ठेवतो आणि पीटीएसडीमध्ये नेमकी तीच नोंद कच्ची पडते, असं मानलं जातं. मग ढिगाऱ्यापाशी येत होता तसा डिझेलचा वास आला की माणसाला तो दिवस नुसता आठवत नाही, तो दिवस परत सुरू होतो. त्यात वासाचा संदेश इतर संवेदनांसारखा आधी थॅलॅमसच्या चौकीवर थांबत नाही, जवळजवळ थेट अमिग्डालापाशी पोचतो. अशा वेळी मृतात्मा झपाटतो म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा बघावा. त्यावर आत्म्याला उभं राहायलाही जागा नाही.

टाळणं सगळ्यात महाग पडतं, तेही याचमुळे. जो वास, जो रस्ता, जो विषय टाळला, त्याच्याबद्दल नवा धडा गिरवलाच जात नाही. एक्स्पोजर उपचारात तज्ज्ञाच्या सोबतीने तीच आठवण पुन्हापुन्हा, सुरक्षित जागी सांगितली जाते. ऐकायला क्रूर वाटतं, पण परिणामाचे पुरावे चांगले आहेत. याउलट घटनेनंतर लगेच सगळ्यांना सक्तीने एकदाच 'बोलतं' करायची पद्धत बरीच गाजली होती; वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात तिने विकार टळत असल्याचं काही दिसलं नाही.

मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत पीटीएसडी १९८० साली आला. मृतदेहांचे अवशेष गोळा करण्यासारख्या कामात वारंवार होणारा संपर्कही आघातच, हे तिच्यात स्पष्ट लिहिलं गेलं ते २०१३ साली. तीच दृश्यं घरी टीव्हीवर बघणाऱ्याला हा निकष लागत नाही. नोकरीचा भाग म्हणून बघावी लागली, तर लागतो.